धुंडीला कोण बसणार

धुळवडीच्या सकाळी तांड्यात डफ वाजायला लागला, तरी तान्ह्या ओमला मांडीवर घेऊन कोणी बसेना. मुलाची पहिली होळी म्हणजे धुंड. आईनं लेकराला घेऊन घोंगडीवर बसायचं आणि पुरुषांनी त्यांच्यावर काठीला काठी वाजवत आशीर्वादाचं गाणं म्हणायचं.

"लेकराची माय कोन, ते बसा न," तांड्याचे नायक रामसिंग म्हणाले.

प्रश्न रीतीचा होता. दरवर्षी विचारतात आणि उत्तराची वाट कोणी पाहत नाही. आज मात्र घरातल्या दोन्ही सुना एकमेकींकडे पाहत राहिल्या.

बाळ उज्ज्वला आणि सुनीलचं, हे अख्ख्या तांड्याला ठाऊक होतं. उज्ज्वलाच्या पोटी गर्भ टिकेना म्हणून थोरल्या जावेनं, शीलानं, त्यांचं बाळ आपल्या पोटात वाढवलं. यवतमाळच्या कोर्टानंही उज्ज्वलालाच आई ठरवलं. पण सुनीलची नोकरी जर्मनीत, बाळाला तिकडेच न्यायचं होतं. काल तिथल्या वकिलानं फोनवर सांगितलं, आमच्याकडे हे चालत नाही. जी बाळंत झाली, कायद्यानं तीच आई. उज्ज्वलाला बाळ दत्तक घ्यावं लागेल, तेही शीलानं हो म्हटलं तर. तेव्हापासून उज्ज्वला ओमला घ्यायलाच धजत नव्हती. लोकाचा दागिना हाताळावा तशी घाबरत होती बिचारी.

"ताई, तुमीच बसा," ती शीलाला म्हणाली. "तिथं मी याची कोनीच नाई."

"अन् मी कोन?"

"माय."

शीलाला हसू आलं आणि डोळेही भरले.

"मी त याची मोठी माय. काकाची बायको मोठी माय राह्यते, एवढं बी समजत नाई का त्याईले? सही पाह्यजे न, करून देतो. पन तू काहून परकी होऊन राह्यली?"

तिनं जावेला खांद्याला धरून घोंगडीवर बसवलं आणि ओमला तिच्या मांडीत दिलं.

डोक्यावर काठ्या खटाखट वाजल्या. ओम दचकून रडायला लागला. उज्ज्वला त्याच्यावर पुरती ओणवी झाली, दोन्ही तळव्यांनी त्याचे कान झाकले. काठ्या तिच्या पाठीला घासून जात होत्या, तरी ती हलली नाही.

रामसिंगांनी हात वर केला. "हळू वाजवा रे. माय भेली."

रडणं ऐकून शीलाचेही हात पुढे गेले होते. त्याच हातांनी तिनं उज्ज्वलाच्या डोक्यावरून घसरलेला पदर सारखा केला.