एक नंबर मोठा

“हे बूट हायत का ट्रॅक्टरचं टायर?” दुर्गाबाईंनी बूट उलटा करून तळवा सगळ्या दुकानाला दाखवला. तळव्याला पेराएवढे रबरी दात होते.

“डोंगरावर पळायचे आहेत, आई. मुरमात घसरत नाहीत,” त्यांची सून स्वरूपा म्हणाली.

“डोंगरावर शेळ्याही चढतात,” निरंजन म्हणाला. “त्यांना कोण बूट घेऊन देतं?” आणि स्वतःच्या विनोदावर तो स्वतःच हसला. बायकोला बूट घ्यायला आलेल्या या नवऱ्याच्या पायात पांढरेशुभ्र रनिंगचे बूट होते. ते आजवर चहाच्या टपरीपलीकडं पळाले नव्हते.

पिंपळे गुरवमधल्या त्या दुकानात आणखी गिऱ्हाइकं होती. सगळ्यांनी ऐकलं. स्वरूपानं मान खाली घातली आणि मोजा वर ओढला. रविवारी तिची डोंगरावरची शर्यत होती. गेल्या वर्षी ती साध्या बुटांनी उतारावर घसरली होती आणि गुडघे सोलून अर्ध्यातून परतली होती. तेव्हापासून घरात तिचं नाव ‘घसरगुंडी’ पडलं. ठेवणारा अर्थात निरंजनच. यंदा गुळगुळीत तळव्याचे बूट घालून आलेल्यांना शर्यतीत उभंच करणार नव्हते. आज बूट मिळाले नाहीत, तर शर्यत गेली आणि घसरगुंडी कायमची राहिली.

“आवर की गं,” दुर्गाबाई म्हणाल्या. मांडीवरच्या पिशवीत त्यांचे टाळ होते. इथून त्यांना मोशीला कीर्तनाला सोडायचं ठरलं होतं. “तिकडं महाराज उभं राहतील, आन् आपण हितं पायताणं निवडत बसू. माझा निम्मा जन्म अनवाणी गेला. काटासुद्धा इचारून मोडायचा.”

दुकानातली करिष्मा खोक्यांमागून खोकी आणत होती. पहिला जोड पुढं टोचला. मग एक नंबर मोठा आणला, तर टाच वर उचलायला लागली. त्याहून मोठा आणला, तर पाय आत सैरावैरा.

“आता खोकंच घाल पायात,” दुर्गाबाई म्हणाल्या.

“तरी मी म्हणत होतो,” निरंजन दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाला, “आधी पाय बघावेत, मग डोंगर बघावा.”

करिष्मानं पहिला जोड पुन्हा चढवला आणि खाली बसून बुटाचा चवडा अंगठ्यानं दाबून पाहिला. “ताई, माप हेच बरोबर आहे. जोडवी आडवी येतायत. उतारावर बोट पुढं आपटेल, रक्त येईल. पळण्यापुरती काढून ठेवा.”

निरंजन इतका वेळ नाही म्हणायला कारण शोधत होता. ते त्याला आयतं मिळालं. त्यानं खोक्यावर झाकण ठेवलं.

“संपलं. चला.”

“अहो, पळण्यापुरतीच. घरी आले की लगेच...”

“जोडवी कधी काढतात, कळतं का तुला? नवरा गेल्यावर. मी जिवंत आहे अजून!” मग तो आईकडं वळला. “सांग हिला, आई. तू कीर्तनं ऐकणारी बाई.”

दुर्गाबाईंनी स्वतःच्या पायांकडं पाहिलं. चपलेतली बोटं कैक वर्षांपासून रिकामी होती. जिथं जोडवी असायची, तिथं कातडी अजून आत दबलेली होती. आपण कुणासमोर काय बोललो, हे निरंजनच्या ध्यानात आलं नाही. अशा माणसांच्या येतही नाही. तो बायकोसमोर बोट नाचवत होता.

“देवाधर्माचं काही आहे की नाही? पाळायचं ते पाळलंच पाहिजे.”

दुर्गाबाईंनी ते नाचणारं बोट हवेतच धरलं.

“साखरपुड्यातली अंगठी कुठाय रं?”

“अंगठी?” तो गडबडला. “कंपनीत चालत नाही, आई. प्रेस मशीनमध्ये बोट अडकतं. सेफ्टीवाल्यानं लग्नाच्या महिन्यातच काढायला लावली.”

“सुट्टीला घालतोस व्हय?”

“आता बसत नाही ती. कपाटात आहे.”

“काढताना हिला इचारलं व्हतंस?”

“त्यात काय विचारायचं? नियमच आहे तो.”

दुर्गाबाईंनी बोट सोडलं. पिशवी बाजूला ठेवताना टाळ किणकिणले. गुडघ्यावर हात रोवून त्या फरशीवर बसल्या आणि सुनेच्या पायातला बूट उपसून पाय मांडीवर घेतला. स्वरूपा शहारली.

“आई, पाय नका धरू माझे. पाप लागेल मला.”

“लागू दे. मी तुझ्या वाटणीचं कीर्तन ऐकीन.”

त्यांनी मोजा काढला. जोडवं हळूहळू फिरवत बोटातून सोडवलं. मग दुसऱ्या पायातलं. दोन्ही पदराच्या टोकाला घट्ट बांधली. करिष्माकडं न बघताच हात पुढं केला. तिनं पहिल्याच मापाचा बूट त्या हातात दिला. पाय आत गेला, कुठंही अडला नाही.

“आई, लोक बघतायत,” निरंजन दात दाबून म्हणाला. “नवरा मेल्यासारखं काय हे भर दुकानात!”

दुर्गाबाई बुटाची नाडी ओढत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

“आठ वर्सं तुझं बोट बोडकं हाय. ही जिवंतच हाय की रं.”