उजवीकडची नथ

“आक्का, आण्णांना म्हणावं, यंदा भावकीची सहल पुण्याच्या संग्रहालयाला नेऊ.” उमादेवी डोक्यावरचा पदर सारखा करत दाराआडून बोलली.

आण्णासाहेब समोरच सोप्यात बसले होते. त्यांना शब्द न शब्द ऐकू गेला होता. पण मुरुम गावातल्या त्या घरात धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराशी थेट बोलायची चाल नव्हती. बोलणं जावेच्या तोंडून जायचं आणि जावेच्याच तोंडून परत यायचं. जाऊ, म्हणजे कडूबाई, उंबऱ्याशी शेंगा फोडत बसली होती.

“ती म्हणतीय, संग्रहालयाला जाऊ.”

“इचार तिला, तिथं काय हाय म्हणून.”

“जुन्या मूर्ती हायत म्हणं. पालख्या, मुखवटे, पोथ्या.”

“तिकीट काढून देव बघायचा व्हय?” आण्णासाहेब हसले. “काचेतल्या देवाला ना निवद, ना आरती. आन् माझे गुडघे असल्या हिंडण्याला चालायचे न्हायत. जायाचं तर तुमी बायका जावा.”

उमादेवीच्या मनात आलं, सगळी भावकी आली आणि हा एक नाही आला, तर जाऊन उपयोग काय?

पोथीचा अध्याय वाचल्याशिवाय ती पाणी तोंडाला लावत नसे. कुणाला कधी उलटून बोललेली नव्हती. दिराचं वाईट व्हावं, असंही तिनं देवीपाशी कधी मागितलं नाही. रोज दिवा लावताना ती एवढंच म्हणायची, आई, त्याला एकदा तुझ्यासमोर उभं कर. सगळ्यांदेखत.

ती आत स्वयंपाकघरात गेली. पाठोपाठ कडूबाई आली.

“चहा टाकते.”

“मंगळवारचा कडक उपास हाय, आक्का.”

“मग बस. आन् खरं सांग. आजवर ह्या घरात तू तोंडानं काय मागितलं न्हाईस. आजच का?”

उमादेवीनं मोबाईल पुढं केला. पुण्यात नोकरीला असलेल्या तिच्या लेकीनं, अर्पितानं, संग्रहालयात काढलेला फोटो होता. काचेमागं चांदीचा मुखवटा. नथीचं भोक उजव्या नाकपुडीला.

कडूबाईचं बोट आपसूक स्वतःच्या उजव्या नाकपुडीकडं गेलं. कुण्या काळच्या सोनारानं घराण्याच्या देवीच्या मुखवट्याला चुकून उजवीकडं भोक पाडलं होतं. देवीला दुरुस्त कोण करणार? म्हणून घरानं आपल्या सुनांची नाकं बदलली. तेव्हापासून त्या घरची प्रत्येक सून उजवीकडं नथ घालत आली.

तो मुखवटा देवळातून चोरीला गेला, ते नवरात्र उमादेवीच्या नवऱ्याच्या, हरिबाच्या पूजेच्या पाळीचं होतं. चोरीच्या रात्री आण्णासाहेबांनी त्याच्याकडून देवळाची किल्ली मागून नेली होती. भावकी न्यायाला बसली तेव्हा थोरल्या भावाविरुद्ध हरिबानं तोंड उघडलं नाही, आणि आण्णासाहेब म्हणाले, “पाळी ह्याची, ह्यालाच इचारा.” देवीचा भंडारा हातात घेऊन खोटं बोलायची त्या घराण्यात कुणाची छाती नव्हती. पण देवीच गेली, तर भंडारा उचलायचा कुणासमोर? हरिबा पुन्हा कधी देवळाची पायरी चढला नाही. चोर म्हणूनच गेला.

“तिथं नेऊन काय करणार हाईस?” कडूबाईनं विचारलं.

“आईसमोर, समद्यांदेखत, आण्णांच्या पुढं भंडारा धरणार. दुसरं काय न्हाय.”

कडूबाईनं फोटो बोटांनी मोठा केला.

“त्याच दिवाळीला मला पाटल्या केल्या ह्यांनी,” ती म्हणाली. “म्या इचारलं, कुठनं? तर म्हणाले, सोयाबीन झालं.” तिनं मोबाईल परत दिला. “त्या साली समद्यांचंच सोयाबीन पाण्यात गेलतं.”

आणि ती उठून सोप्यात गेली.

उमादेवीनं चौकट घट्ट धरली. संपलं. आक्का आता आपल्या नवऱ्याच्या कानावर सगळं घालणार. इतकी वर्षं जीभ दाताखाली धरली आणि आज आपणच मोबाईल पुढं केला.

“ती म्हणतीय,” कडूबाईचा आवाज आला, “तुमचे गुडघे दुखत असतील तर ऱ्हाऊ द्या. अमरसिंह नेतोय समद्यांना. आवंदापासून भावकीचं पुढारपण बी त्यालाच देऊ म्हणतीय.”

उमादेवी दाराआड थिजली. असा एक शब्दही तिच्या तोंडातून गेला नव्हता.

“अमरसिंह?” खुर्ची मागं सरकली. आण्णासाहेब ताडकन उभे राहिले. “चुलत्याच्या त्या पोराला? म्या मेलो काय? सांग तिला, गाडी म्या ठरीवतो. आन् समद्या सुनांना म्हणावं, नथी घालून या. आपल्या चालीनं, उजवीकडं. पुण्याच्या लोकांनी बघू दे, घराणं कशाला म्हणत्यात ते.”

ते अंगणात जाऊन गाडीवाल्याशी मोठ्यानं बोलू लागले. मोठी गाडी पायजे, म्हणत होते, एक माणूस मागं ऱ्हायला नको.

कडूबाई आत आली. तिनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, गटागटा रिकामा केला आणि तोंड पुसलं.

“जाताना त्यांना ड्रायव्हरमागची जागा ठेव,” ती हळू म्हणाली. “मान हाय त्यांचा.”

“आन् येताना?”

“येताना म्या तुझ्याजवळ बसणार.”