बांगड्यांना जागा

आम्ही चार फोटोग्राफर मित्रांनी मिळून एकच फोटो काढायचा ठरवला होता. एकाच इन्स्टंट फिल्मवर गोराई खाडीचे चौघांचे चार क्लिक, एकावर एक. फिल्मचं शेवटचं पाकीट आमच्या बोरीवलीच्या घरी फ्रिजमध्ये होतं. ही फिल्म थंडाव्यात टिकते, पण गोठली की तिची वाट लागते. आईने नेमकं बाजारातून आणलेल्या ताज्या बांगड्यांना जागा करायला ते पाकीट उचलून वर फ्रीजरमध्ये टाकलं.

फोटो निघाला तो निळा पडलेला, मधोमध पांढऱ्या भेगा. मी घरी येऊन तिच्यावर ओरडलो, "तुला काय कळतं गं यातलं? माझ्या वस्तूंना हात नको लावूस!" तेव्हापासून ती दूध ठेवायलाही मला विचारून फ्रिज उघडते.

मित्रांना मात्र त्या भेगाच आवडल्या. अंधेरीच्या प्रदर्शनात सगळ्यात जास्त गर्दी आमच्याच फोटोपुढे होती. खाली आम्हा चौघांची नावं. आई ठेवणीतली साडी नेसून माझ्या शेजारी उभी होती.

"या भेगा कशा काय आणल्या तुम्ही?" एका बाईंनी विचारलं.

"मुद्दाम," मी म्हणालो. "फिल्म गोठवून बघितली."

"झकास!" म्हणत बाई पुढे गेल्या. आईला हायसं वाटलं असावं. माझा हात दाबून ती हळूच म्हणाली,


"माझां नाव नाय घेतलंस, तां बरां केलंस रे बाबू."