शिक्षेची मुदत

ग्रामपंचायतीच्या अंगणात आरोग्य अधिकारी देवस्थळींच्या डोळ्यांवर पट्टी चढवली, तेव्हा जिवली अगदी समोर उभी होती. तिच्या लेकीच्या, कमशीच्या डोळ्यांना जे दिसेल तेवढंच आता त्या पट्टीतून साहेबांना दिसणार होतं. नव्या कायद्याची शिक्षाच तशी होती, आणि मुदत आईनं ठरवायची होती.

लहान पोरांसाठी अ जीवनसत्त्वाचे थेंब घेऊन ड्रोन पाड्यापाड्यावर जात. "डोंगरावरच्या चार घरांसाठी कशाला?" म्हणून साहेबांनी जिवलीचा पाडा वगळला होता. कमशी आधी संध्याकाळची धडपडू लागली, मग तिच्या दोन्ही डोळ्यांत फूल पडलं. आता नजर येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

"नुसतं पांढरं धुकं आहे हो!" साहेब चाचपडत ओरडले.

जिवलीला बरं वाटलं. पोरीची नजर गेल्यापासून इतकं बरं तिला कधी वाटलं नव्हतं.

"बोल जिवले, किती दिवस?" सरपंचबाईंनी विचारलं.

"बाई, मला नातवाचं तोंड तरी बघू द्या," साहेबांनी भलत्याच दिशेला हात जोडले.

जिवलीनं पोरीला कडेवर घेतलं.

"माझी कमशी माझं तोंड बघंल, त्या दिवशी काढा."