रंग नसलेली सात पुस्तकं

"सात कादंबऱ्या, आणि एकीतही रंग नाही," पत्रकार मुलगी म्हणाली. "राक्षस ओळखायचा श्वासावरून, राजवाडा दाराच्या कडीच्या गारव्यावरून. ही शैली तुम्हाला सापडली कशी?"

लेखकाला हा प्रश्न पाठ होता आणि उत्तरही. रंगांनी वाचक आळशी होतो, हे वाक्य त्यानं इतक्या व्यासपीठांवरून फेकलं होतं, की परवा पुरस्काराच्या मानपत्रातही ते छापून आलं. आज मात्र ते त्याला म्हणवेना, कारण स्वयंपाकघराचं दार उघडं होतं आणि आत ताई मटार सोलत बसली होती.

ताई जन्मापासून आंधळी. रोज दहा ते बारा ती सांगायची आणि तो टाइप करायचा. पुस्तकावर नाव मात्र त्याच्या एकट्याचं. पहिल्या वेळी प्रकाशकाला सांगायचं राहून गेलं, दुसऱ्या वेळी सांगायची लाज वाटली, आणि नंतर तर पाणी डोक्यावरून गेलं. गेली वीस वर्षं ही गोष्ट त्याला आतून खात होती.

आज सांगूनच टाकू, असं त्यानं ठरवलं. "खरं म्हणजे, यात माझं असं काही..."

"त्याला काय विचारतेस? तो लाजतो." भिंतीला बोटं लावत ताई बाहेर आली आणि खुर्ची चाचपून बसली. "मी थोरली बहीण. मी सांगते."

मुलगी वही सरसावून तिच्याकडे वळली.

"आम्ही दोघं एका पलंगावर झोपायचो. दिवा मालवला की मला अंधाराची अशी भीती वाटायची, की रडूच फुटायचं. मग हा पांघरुणात शिरून गोष्ट सांगायचा. त्यातलीच ही सगळी राज्यं."

गोष्ट शब्दन् शब्द खरी होती, फक्त माणसांची अदलाबदल झाली होती. भित्रा तो होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लिहिता लिहिता मुलीचं पेन थांबलं. तिनं ताईच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि मग त्याच्याकडे.

"अंधाराची भीती नेमकी कुणाला वाटायची?"

ताईची बोटं पदराशी चाळा करू लागली. दोघी त्याच्या उत्तरासाठी थांबल्या.

"ताईला," तो म्हणाला.