रविवारपर्यंत चेन्नईत

दीपगृहाच्या लिफ्टसमोरच्या रांगेत भाऊसोंनी तिसऱ्यांदा घड्याळ बघितलं आणि तिसऱ्यांदा त्यांना बरं वाटलं. रविवारचे साडेअकरा वाजले होते. गावाकडं मतदान सुरू होऊन साडेतीन तास झाले होते आणि त्यांची बायको अंजना तिथून हजारेक किलोमीटरवर, चेन्नईत, डोक्यात हातभर मोगरा माळून उभी होती.

गाव वडूजच्या पुढं अर्ध्या तासावर. स्टँडसमोर भाऊसोंचा बिअर बार, एकोणीस वर्षं जुना. तो चालू ठेवायचा की बंद करायचा, हे आज गावातल्या बायका ठरवणार होत्या. चिठ्ठीवर दोन बाटल्या. उभी म्हणजे चालू, आडवी म्हणजे बंद. यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तरच बारला कुलूप. म्हणजे जी बाई घरात बसेल ती न बोलता भाऊसोंच्या बाजूची.

आणि या सगळ्याची म्होरकी कोण, तर घरचीच बाई. शेजारच्या अंकिताचा नवरा दोन वर्षांपूर्वी बारमधून निघाला, तो दुसऱ्या दिवशी विहिरीत सापडला. अंकिता अवघी सव्वीस वर्षांची. तेव्हापासून अंजना नवऱ्याशी कामापुरतं बोलायची. बारबंदीच्या अर्जावर पहिली सही तिचीच होती. भाऊसोंना घरचा आहेर मिळाला, म्हणून गाव पाठीमागं पोट धरून हसलं.

भाऊसो हात उगारणाऱ्यातले नव्हते, डोकं चालवणाऱ्यातले होते. त्यांचा चुलतभाऊ विश्वजीत चेन्नईत सोनं गाळायच्या धंद्यात होता आणि वीस वर्षं या या म्हणत होता. जन्मात समुद्र बघितला नाहीस, चार दिवस जाऊन ये, असं भाऊसोंनी एका सकाळी चहा पिता पिता अंजनाला सुचवलं. ती भांडेल, थयथयाट करेल, या तयारीनंच ते बसले होते.

अंजनानं बशी खाली ठेवली. "एकलीला न्हाई जमायचं," ती म्हणाली. "तुमी येनार आसला तर येते."

भाऊसोंना आतून गुदगुल्या झाल्या. कितीही उड्या मारल्या तरी बाईमाणूस शेवटी नवऱ्याचंच. मतदानाच्या दिवशी शाळेच्या फाटकासमोर खुर्ची टाकून बसायचा त्यांचा बेत होता. कुणाच्या पोराला कारखान्यात चिकटवलेलं, कुणाच्या लग्नात मांडव घालून दिलेला, गावातलं एकही घर त्यांच्या उपकारातून सुटलेलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांदेखत आत जायची छाती किती जणींची होती? पण म्होरकीच गावात नसेल तर बाकीच्या कशाला बाहेर पडतात! खुर्चीत बसायला त्यांनी बारचा मॅनेजर ज्ञानू नेमला आणि दोघांची तिकिटं काढली.

निघाले त्या दिवशी स्टँडवर बायका गोळा झाल्या होत्या. "आग लावून पळतीयास व्हय, काकू?" अंकिता सगळ्यांसमोर म्हणाली आणि तिनं तोंड फिरवलं. अंजना मान खाली घालून एसटीत चढली. भाऊसोंनी मिशीवरून हात फिरवला.

चेन्नईत मात्र ही बाई काही ऐकेना. मैलापूरच्या देवळात भाऊसोंचे पाय दुखले म्हणून ते कट्ट्यावर टेकले, तर ही एकटीच सगळं फिरून आली. मरीनाच्या वाळूत उभं राहून ते साडी भिजेल म्हणून ओरडत होते आणि ती गुडघाभर पाण्यात लाटा अंगावर घेत होती. तिथं मोगरा हाताच्या मापानं मोजून देतात. या वयात शोभतं का, असं भाऊसो म्हणाले, तर तिनं आणखी एक हात मोजून घेतला.

शुक्रवारी विश्वजीतनं परतीच्या गाडीचं विचारलं. दीपगृह राहिलंय, रविवारपातूर आपण हलणार नाही, असं अंजनानंच ठणकावलं. भाऊसो वरवर कुरकुरले. मनातून त्यांनी देवापुढं नारळ फोडला.

आता दीपगृहाच्या माथ्यावर वारा पदर ओढत होता. खाली शहर आणि पुढं नुसतं पाणी. भाऊसोंनी ज्ञानूला फोन लावला, त्यानं उचलला नाही. काम नसेल, खुर्चीतच डुलक्या काढत असेल.

त्यांना बायकोची थोडी दयाही आली. "कसं वाटतंय?" त्यांनी विचारलं.

"लय मोकळं," ती म्हणाली.

संध्याकाळी ते पुन्हा वाळूत जाऊन बसले. समुद्रात सूर्य बुडताना दाखवतो, असं भाऊसोंनी तिला कबूल केलं होतं. सूर्य मागच्या मागं इमारतींत बुडाला. तरी त्यांचा मूड गेला नाही. त्यांनी स्वतः उठून तिच्यासाठी खोबरं घातलेली गरम चण्याची उसळ आणली. पाच वाजता मतदान संपलं होतं. मोजायला असं कितीसं असणार!

साडेसहाला फोन वाजला. ज्ञानूचा आवाज रडवेला होता.

"मालक, आडवी झाली."

आठशे बारा बायकांतल्या पाचशे एकतीस जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला होता. सकाळी नऊपर्यंत सगळ्या फाटकाबाहेरच घुटमळत होत्या, ज्ञानू सांगत होता. खुर्चीत कोण आहे ते लांबून बघत होत्या. मग म्हातारी बनाबाई पुढं झाली, त्याला म्हणाली, "ज्ञानू, ऊन लागंल, जा घरला." आणि मग रांग दुपारपर्यंत तुटलीच नाही.

भाऊसोंनी फोन खाली घेतला. अंजना निवांत उसळ खात होती.

"सगळ्यांची म्होरकी तू," ते म्हणाले. "आन् तू तर चार दिस हितं हुतीस."

"व्हय," अंजना म्हणाली. "पर तुमीबी हितंच हुतासा की."