लिंबू कुठाय?

रेणूनं अनयाच्या हेडफोनची वायर कंट्रोलरमधून उपसली, आणि इतका वेळ पोरीच्या कानात कोंडलेले आवाज टीव्हीतून भसकन हॉलभर पसरले. गोळ्यांचा तडतडाट, कुणाचं तरी खिदळणं, आणि त्या सगळ्यावर एक जाडाभरडा पुरुषी आवाज.

"लिंबू कुठाय?" तो इंग्रजीत विचारत होता. एवढा एकच शब्द मराठी. "कुणी लिंबूला बघितलं का?"



तो शब्द घरातला होता. मागच्या हिवाळ्यात हा बंदुकांचा गेम नवा होता. टीव्हीचे दोन अर्धे करून दोघं भावंडं सोफ्यावर खेळायची, आणि सहा वर्षांचा वीर दर मिनिटाला मरून भोकाड पसरायचा. तेव्हा रेणूनंच अनयाला सांगितलं होतं, "अगं, त्याला कच्चं लिंबू धर." सांगलीच्या त्यांच्या कॉलनीत सगळ्यात धाकटी म्हणून ती स्वतः चांगली तीन उन्हाळे कच्चं लिंबू होती. लिंबूनं सगळ्यांबरोबर पळायचं, लपायचं, वाटेल तेवढं ओरडायचं. पण लिंबू आउट होत नाही. लिंबूवर राज्य येत नाही. वीरला ते इतकं आवडलं, की खेळायला बसला की तो लिंबूच.

आणि आता कुणी एक बाप्या, कुठला कोण, त्याला शोधत होता.

घरचा नियम साधा होता. सोफ्यावर मावतील तेवढ्यांशीच खेळायचं. ऑनलाइन नाही. ऑनलाइन भेटणाऱ्या अनोळखी माणसांबद्दल शाळेतून येणारे इशारे रेणू दोनदा वाचायची. आज बर्फामुळे त्यांच्या एडिसन गावातल्या सगळ्या शाळा बंद, म्हणून ती बेडरूममधून काम करत होती, एक कान मीटिंगला आणि एक कान हॉलला. चहा ठेवायला उठली, तेव्हा अनयाच्या डोक्यावर हेडफोन दिसला. शेजारी चिकटून बसलेल्या भावाशी बोलायला हेडफोन कशाला लागतो?

"कोण आहे हा माणूस?"

"आई, चिल. ओहायोत ट्रक चालवतो. ही इज नाइस."

"नाइस? त्याला वीरचं नाव कसं माहीत?"

"नाव नाही माहीत. लिंबू माहीत आहे." अनयाची नजर टीव्हीवरून हलली नाही. "नाव कुणाला सांगायचं नाही असं तूच म्हणालीस ना? मी नाही सांगितलं."

"मग हे का सांगितलंस?"

"नंतर सांगते ना, प्लीज. मॅच चालू आहे."

"बंद कर. आत्ताच्या आत्ता!"

टीव्हीतले आवाज एकदम थबकले. मग चिरक्या आवाजाचा एक पोरगा हळूच म्हणाला, "ओ ओ. कुणाची तरी मॉम."

"आई! कंट्रोलरलाही माइक असतो," अनया कुजबुजली. तिचे कान लाल झाले होते.

रेणू रिमोट शोधायला वळली, तेवढ्यात वीरनं सोफ्यावरून उडी मारली. "आई, धर, धर! शू आली!" आणि आपला कंट्रोलर तिच्या हातात कोंबून तो बाथरूमकडे पळाला.

तिनं आयुष्यात ती वस्तू कधी धरली नव्हती. अंगठा कुठेतरी दाबला गेला. समोर जळकी गाडी, धूर, आणि लाल कपड्यांतला एक शिपाई बंदूक रोखून सरळ तिच्यावर धावून येत होता. तिनं होती नव्हती तेवढी बटणं दाबली.

"लिंबू आभाळाकडे काय बघतोय?" टीव्हीतून कुणीतरी विचारलं.

"तो बाथरूमला गेलाय," अनयानं इंग्रजीत सांगितलं. "आत्ता माझी आई आहे."

"तिला खेळता येतं?"

"अजिबात नाही."

मग तो जाडाभरडा आवाज अगदी सहज म्हणाला, "ओके. देन शी इज लिंबू."

लाल शिपायानं गोळी झाडली. समोरचं चित्र लालेलाल झालं. "मेले!" रेणू किंचाळली आणि तिनं डोळे गच्च मिटले.

"तू नाही मेलीस, मी मेले," अनया म्हणाली. "आई, तू माझ्या अर्ध्यात बघतेयस. तुझं अर्धं खालचं आहे. डोळे उघड."

रेणूनं डोळे उघडले. अनयानं हात पुढे करून तिचा अंगठा हळूच फिरवला. आभाळ वर सरकलं आणि जमीन दिसली.

भर मैदानात ती एकटी उभी होती. तिच्याभोवती शिपाई जमले होते, लाल आणि निळे, आत्ता घटकेपूर्वी एकमेकांच्या जिवावर उठलेले. एकाचंही तोंड तिच्याकडे नव्हतं. सगळ्यांच्या पाठी तिच्याकडे होत्या, आणि बंदुका बाहेर.

कुंपणावरून एक नवाच शिपाई उडी टाकून आला. त्यानं तिच्यावर नेम धरला, आणि टीव्हीतून पाचसहा तऱ्हांच्या उच्चारांत एकच ओरडा उठला.

"लिंबू!"

तो जागच्या जागी थांबला. बंदूक खाली गेली. मग तोही चालत आला आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिला.

"आई," अनयानं अगदी बारीक आवाजात विचारलं, "करू बंद?"

रेणूनं अंगठा जरासा पुढे ढकलला. तिचा शिपाई अडखळत एक पाऊल चालला.

आणि तिच्याबरोबर ते अख्खं रिंगण एक पाऊल पुढे सरकलं.